गावच्या सर्व्हरवर डेटाची वही: व्हीएनस्टॅट बसवायचं कसं, काढायचं कसं

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावच्या अभ्यासिकेत एक जुना डेस्कटॉप सर्व्हर म्हणून चालतो. राउटरची तार एका बाजूनं त्यात येते आणि दुसऱ्या बाजूनं पोरांच्या वायफायला जाते. पोलीस भरती, तलाठी भरतीचे सराव पेपर सारे त्यावरच. गेल्या पावसाळ्यात महिन्याचा डेटा बावीस तारखेलाच संपला आणि ऐन फॉर्म भरायच्या दिवसांत वेग पार बसला. सगळ्यांनी बोट दाखवलं पोरांकडे. मला ते पटत नव्हतं, पण हातात हिशेब नव्हता. तो ठेवायला मी व्हीएनस्टॅट बसवलं.

हे फुकट आणि अगदी हलकं सॉफ्टवेअर आहे. लिनक्स या संगणक-प्रणालीचा कर्नल, म्हणजे तिचा गाभा, प्रत्येक नेटवर्क कार्डावरून किती बाइट आले, किती गेले हे मोजतच असतो. व्हीएनस्टॅट ते आकडे उचलून तास, दिवस, महिना असे लिहून ठेवतं. कोण काय पाहतं हे त्याला कळत नाही. पोरांनी मला हेच आधी विचारलं होतं, तुम्हालाही विचारतील; त्यांना स्पष्ट सांगा. आणि मोजमाप फक्त त्या मशीनमधून जाणाऱ्या डेटाचं होतं. मोबाइल थेट राउटरला जोडलेले असतील तर त्यांचा डेटा यात येणार नाही.

खालच्या आज्ञा लिनक्सच्या उबुंटू आणि डेबियन या दोन प्रकारांसाठी आहेत, त्या टर्मिनलमध्ये द्यायच्या. उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरा. 'डॅश' म्हणजे - ही खूण, 'डॉट' म्हणजे टिंब, आणि 'सुडो' म्हणजे आज्ञा मुख्य अधिकाराने चालवणं.

बसवण्याआधी घड्याळ बघा. आमच्याकडे लाइन जाते-येते आणि जुन्या बोर्डावरचा बटन सेल मेलेला असतो, मग मशीन उठतं ते जुनीच तारीख घेऊन. वहीतली शेवटची नोंद आजच्या तारखेच्या पुढची दिसली की व्हीएनस्टॅट थोडा वेळ थांबतं आणि मग काम सोडून देतं. 'टाइमडेटसीटीएल' ही आज्ञा द्या. 'सिस्टम क्लॉक सिंक्रोनाइज्ड' समोर 'येस' हवं. सेल गेला असेल तर सीआर २०३२ घ्या, घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

मग बसवा:

सुडो ॲप्ट अपडेट
सुडो ॲप्ट इन्स्टॉल व्हीएनस्टॅट

त्याची सेवा, म्हणजे मागे सतत चालणारा भाग, आपोआप सुरू होते. 'सिस्टमसीटीएल स्टेटस व्हीएनस्टॅट' दिल्यावर 'ॲक्टिव्ह' दिसलं की झालं. 'व्हीएनस्टॅट डॅश डॅश आयएफलिस्ट' दिलं की कार्डांची नावं येतात. राउटरकडचं कार्ड ओळखून ठेवा, कारण दुसऱ्या कार्डावर खोलीतल्या खोलीत फिरणारा डेटाही मोजला जातो. एखाद्या कार्डाचाच हिशेब हवा असेल तर आज्ञेपुढे 'डॅश आय' आणि कार्डाचं नाव लिहा.

रिचार्ज एक तारखेचा नसेल तर एक बदल पहिल्याच दिवशी करा. ईटीसी फोल्डरातली 'व्हीएनस्टॅट डॉट कॉन्फ' फाइल सुडो लावून उघडा, 'मंथरोटेट' ओळीत १ च्या जागी रिचार्जची तारीख टाका, ओळीच्या सुरुवातीला सेमिकोलन असेल तर तो काढा आणि सेवा रीस्टार्ट करा. आधीच्या नोंदी याने बदलत नाहीत.

आता दोन-तीन दिवस त्याला हात लावू नका. नंतर 'व्हीएनस्टॅट डॅश डी' दिवसांचा हिशेब देतं, 'डॅश एम' महिन्यांचा, 'डॅश एच' तासांचा. मला उत्तर तासांच्या तक्त्यात सापडलं. रात्री दोन ते चारच्या ओळींतले आकडे सगळ्यात मोठे होते. पोरं घरी, दाराला कुलूप, आणि खोलीतले दोन संगणक चालू राहून अपडेट ओढत होते. एक गोष्ट ध्यानात ठेवा: इथला आकडा जीआयबीमध्ये, म्हणजे १०२४ च्या पटीत असतो. कंपनी १००० च्या पटीत मोजत असेल तर इथले १०० तिच्याकडे सुमारे १०७ दिसतील. त्यावरून भांडू नका.

नोंदी दर पाच मिनिटांनी डिस्कवर उतरतात. लाइन अचानक गेली तर तेवढ्याच मिनिटांचा हिशेब बुडतो, बाकी शाबूत राहतो.

काढताना मात्र घाई नको. आधी सेवा थांबवा:

सुडो सिस्टमसीटीएल स्टॉप व्हीएनस्टॅट

मग व्हार, त्यात लिब, त्यात व्हीएनस्टॅट या फोल्डरातली 'व्हीएनस्टॅट डॉट डीबी' फाइल पेनड्राइव्हवर घ्या. महिनोन्‌महिन्यांचा हिशेब त्या एका फाइलीत आहे. त्यानंतर 'सुडो ॲप्ट रिमूव्ह व्हीएनस्टॅट' दिलं तर प्रोग्रॅम जातो, सेटिंग आणि वही मागे राहतात. पुढे परत बसवायचं असेल तर हेच करा. मशीन दुसऱ्याला द्यायचं असेल तर 'रिमूव्ह'च्या जागी 'पर्ज' लिहा, म्हणजे सेटिंगही जाईल. ते लिबमधलं फोल्डर तरीही राहिलं का, हे डोळ्यांनी बघा. असेल तर पूर्ण नाव तपासूनच पुसा, कारण शेजारी बाकीच्या प्रोग्रॅमचं सामान असतं. शेवटी पुन्हा 'सिस्टमसीटीएल स्टेटस व्हीएनस्टॅट' द्या. अशी सेवाच सापडत नाही, असं उत्तर आलं की मशीन मोकळं.