शास्त्रीय नावांच्या पाट्या लिहिताना या चुका टाळा

कासच्या पठारावर फुलणाऱ्या वायतुऱ्याचं शास्त्रीय नाव ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस. चाळकेवाडीच्या पठारावरून २००८ साली नोंदवली गेलेली पाल मात्र हेमिडॅक्टायलस साताराएन्सिस. दोन्ही नावं साताऱ्यावरूनच पडली, पण वायतुऱ्याच्या नावात 'आर'नंतर लगेच 'ई' येतो आणि पालीच्या नावात मध्ये एक 'ए' जास्त आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात दोन्ही पाट्या शेजारी आल्या की कुणाला तरी वाटतं यातली एक चुकली, आणि तो दोन्ही सारख्या करून टाकतो. बरोबर होतं ते तिथेच बिघडतं. नाव पहिल्यांदा ज्या शोधनिबंधात छापलं गेलं, तिथलं स्पेलिंग पुढे चालतं. फेरफार झालाच तर तो नामकरणाच्या नियमावलीप्रमाणे होतो, पाटी रंगवताना नाही.

घोणशीच्या नावातही हमखास असंच होतं. डॅबोइया रसेली हे नाव भारतातल्या सापांचे अभ्यासक पॅट्रिक रसेल यांच्यावरून आलं. त्यांच्या आडनावात शेवटी दोन 'एल' आहेत, सापाच्या नावात एकच 'एल' आणि शेवटी दोन 'आय'. सीतेच्या अशोकाचं नाव सराका असोका. त्यात 'एस'नंतर 'एच' घुसडू नका आणि 'सी'चा 'के' करू नका.

म्हणून पेंटरला नाव फोनवर कधीच सांगू नका. छापलेला कागद हातात द्या आणि रंग लावण्याआधी खडूची अक्षरं शेवटाकडून सुरुवातीकडे एकेक करून तपासा. सरळ वाचताना डोळा सवयीचं स्पेलिंग वाचून मोकळा होतो. पाटीवर रोमन लिपीतलं नाव हवंच, देवनागरी उच्चार त्याच्या खाली. 'एल' एक की दोन, हे देवनागरीतून कळत नाही.

पहिला शब्द प्रजातीचा (जीनस), त्याचं पहिलं अक्षर मोठं. दुसरा जातीचा (स्पीशीज) आणि तो सगळा लहान अक्षरांत, मग त्यात सातारा असो की महाराष्ट्र. फ्लेक्सवाले सगळंच कॅपिटलमध्ये टाकतात, त्यांना आधीच बजावा. छपाईत दोन्ही शब्द तिरपे हवेत. हाताने लिहिताना दोन्हींखाली वेगवेगळी रेघ ओढा, सलग नको. व्हॉट्सॲपवर नावाच्या दोन्ही टोकांना अंडरस्कोअर दिला की अक्षरं तिरपी होतात.

चितळाचं नाव ॲक्सिस ॲक्सिस. बत्तीस शिराळ्यात घरोघरी माहीत असलेला नाग म्हणजे नाजा नाजा. एकच शब्द दोनदा आला म्हणून एक खोडू नका, प्राण्यांच्या नावात हे चालतं. वनस्पतींच्या नियमावलीत मात्र त्याला मनाई आहे. तेव्हा झाडाच्या पाटीवर तोच शब्द दोनदा दिसला, तर ती चूकच समजा.

नावाच्या अर्थावरून माहिती लिहू नका. टॅमरिंडस इंडिका वाचून 'चिंच मूळची भारताची' असं लिहिलं जातं. चिंच मूळची उष्णकटिबंधीय आफ्रिकेची. सिला पेरुव्हियाना हे फूल पेरूचं नाही, भूमध्य समुद्राकाठचं. दोन शब्दी नावांची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसने १७५८ साली एका स्वर्गीय पक्ष्याला पॅराडायसिया अपोडा, म्हणजे बिनपायाचा, असं नाव दिलं. युरोपात पोहोचणाऱ्या त्याच्या कातड्यांचे पाय आधीच काढलेले असायचे. पक्ष्याला पाय आहेत, नाव तेच राहिलं.

गमतीच्या नावांच्या याद्या फार फिरतात. मुलांना ही नावं आवडतात आणि त्यांच्यामुळे शास्त्रीय नावांची भीती जाते, म्हणून ती प्रदर्शनात जरूर घ्या; फक्त पडताळून घ्या. 'आहा हा' ही ऑस्ट्रेलियातली वास्प खरी आहे, नाव १९७७ सालचं. 'जेली बीन' असा उच्चार होणारा भुंगेराही खरा. 'अब्रा कडाब्रा' हा शिंपला मात्र पुढे थिओरा या प्रजातीत गेला आणि त्याचं नाव थिओरा कडाब्रा झालं, तरी जुनं नाव अजून याद्यांत आहे. वनस्पतींसाठी लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाचं 'प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन', साप-पालींसाठी 'रेप्टाइल डेटाबेस' आणि समुद्री जीवांसाठी 'वर्म्स' (वर्ल्ड रजिस्टर ऑफ मरीन स्पीशीज) ही संकेतस्थळं उघडा आणि तिथे स्वीकृत धरलेलंच नाव घ्या. प्राण्याच्या नावापुढे शास्त्रज्ञाचं नाव कंसात असेल, तर त्याने ती जात आधी दुसऱ्या प्रजातीत ठेवली होती असं समजा. हे कंस शोभेचे नाहीत, गाळू नका.

जात ओळखता आली नाही, तर अंदाजाने नाव ठोकू नका. प्रजातीचं नाव लिहून पुढे 'एसपी' आणि टिंब द्या. जाती अनेक असतील तर 'एसपीपी'. ही अक्षरं तिरपी नसतात.