संडास साफ करताना ॲसिड आणि ब्लीच एकत्र करू नका
संडासातले चिवट पिवळे डाग एका द्रवाने निघाले नाहीत की त्यावरच दुसऱ्या बाटलीतले ओतण्याची सवय अनेक घरांत आढळते, आणि नेमकी हीच सवय जिवावर बेतू शकते. फरशीच्या ॲसिडमध्ये आणि अनेक टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असते, तर कपडे पांढरे करणाऱ्या ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली बेल्जियममधील ईपर येथे युद्धात सैनिकांवर सोडला गेला तो हाच वायू. तो हवेच्या सुमारे अडीचपट जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो, म्हणजेच उकिडवे बसून ब्रशने घासणाऱ्या माणसाच्या नाकातोंडाशी सर्वांत आधी पोहोचतो. ब्लीचिंग पावडरवर ॲसिड पडले तरी हेच घडते. ब्लीचमध्ये अमोनिया असलेले काच पुसण्याचे द्रव मिसळल्यास क्लोरामाइन तयार होते, आणि तेही फुप्फुसांना घातकच.

एक द्रव वापरून झाल्यावर भरपूर पाणी ओतून भांडे व फरशी स्वच्छ धुवावी, खिडकी उघडी ठेवावी आणि दुसरे द्रव शक्यतो दुसऱ्या दिवशीच वापरावे. घरकामाला येणाऱ्या ताईंनाही हे आवर्जून सांगावे, कारण बाटलीवरची सूचना बहुधा बारीक अक्षरांत असते आणि धोका मात्र त्यांनाच अधिक असतो. उग्र वास येऊन डोळे चुरचुरू लागले, तर सांडलेले धुण्यासाठी तिथे न थांबता ताबडतोब मोकळ्या हवेत यावे. खोकला किंवा धाप कमी होत नसेल तर लगेच डॉक्टरांकडे जावे, कारण फुप्फुसांना सूज काही तासांनंतरही येऊ शकते.