टांझानियात मिशनवर येणाऱ्या वसईकरासाठी

आधी घड्याळ समजून घे. इथे तास सकाळपासून मोजतात. स्वाहिलीत एक वाजले म्हणजे आपले सात. एकची मिस्सा (चर्चमधली उपासना) म्हणून दुपारी पोचलास, तर देऊळ रिकामं!

वडीलधारं कोणी दिसलं की आधी 'शिकामो' म्हणून आदराने नमस्कार, मग काम. घरी जेवायला बसवलं तर यजमान हातावर पाणी ओततील. उगालीचा, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट गोळ्याचा, घास उजव्या हाताने मळायचा, अंगठ्याने खळगा करायचा आणि त्यात भाजी उचलायची. हाताने जेवणाऱ्या आपल्याला हे पटकन जमतं.

रविवारची मिस्सा लांबते. गाणारे रंगात आले की विचारूच नकोस. स्वतःची प्रार्थना मात्र पहाटेच करून घे, नंतर दाराशी कोणी ना कोणी येतंच. आणि मलेरियाचा देश आहे, मच्छरदाणी रोज गादीखाली नीट खोच.