रग्बी प्रशिक्षकाने विश्लेषकाच्या खुर्चीपर्यंत कसे जावे : निक मॅलेट यांच्या वाटचालीच्या आधारे

रग्बीत राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकपद एका विश्वचषकापासून दुसऱ्या विश्वचषकापर्यंत टिकले तरी पुष्कळ, असे मानले जाते. त्यामुळे करार संपल्यावर दूरचित्रवाणीवर विश्लेषण करण्याचा ज्यांचा विचार आहे, त्यांनी त्याची तयारी पदावर असतानाच सुरू करावी. या वाटेवरचे अभ्यासण्यासारखे उदाहरण म्हणजे दक्षिण आफ्रिकेचे निक मॅलेट. 1997 ते 2000 या काळात ते स्प्रिंगबॉक्सचे, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय संघाचे, प्रशिक्षक होते आणि त्या संघाने ओळीने 17 कसोटी सामने जिंकले. पुढे पॅरिसच्या स्टाद फ्रांसे या क्लबला त्यांनी 2003 आणि 2004 मध्ये फ्रान्सचे विजेतेपद मिळवून दिले, 2007 ते 2011 इटलीचा संघ सांभाळला आणि त्यानंतर सुपरस्पोर्ट वाहिनीवरील परखड विश्लेषक म्हणून नाव मिळवले.

पहिले काम म्हणजे निर्णयांची वही ठेवणे. प्रत्येक सामन्याआधी संघनिवडीचे कारण लिहून ठेवावे आणि सामन्यानंतर त्याचे काय झाले तेही लिहावे. विजयाच्या नोंदींपेक्षा फसलेल्या निर्णयांच्या नोंदी पुढे अधिक कामाला येतात. 2009 च्या सिक्स नेशन्स या सहा युरोपीय देशांच्या स्पर्धेत लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर इंग्लंडविरुद्ध मॅलेट यांनी माउरो बेर्गामास्को या फ्लँकरला स्क्रम-हाफच्या जागी उतरवले, कारण त्या जागेचे नेहमीचे खेळाडू दुखापतीमुळे उपलब्ध नव्हते. फ्लँकरचे काम टॅकल करण्याचे, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून पाडण्याचे, आणि प्रतिस्पर्ध्याचा चेंडू हिसकावण्याचे, तर स्क्रम-हाफला घोळक्याच्या तळाशी असलेला चेंडू क्षणात उचलून लांबवर अचूक फेकावा लागतो. बेर्गामास्कोची फेक एकामागून एक चुकत गेली, मध्यंतराला त्याला बाहेर घ्यावे लागले आणि इटली 11-36 अशी हरली. ज्या माणसावर ही वेळ आली आहे, तो दुसऱ्या प्रशिक्षकाच्या निवडीवर बोलताना ‘हाताशी दुसरे कोण होते?’ हा प्रश्न आधी विचारतो. केवळ खेळाडू म्हणून निवृत्त झालेल्या विश्लेषकाला हा प्रश्न सहसा सुचत नाही, आणि प्रशिक्षकाची खरी कमाई इथेच आहे.

त्यानंतर वीस सेकंदांत कारण सांगण्याचा सराव करावा. ड्रेसिंग रूममध्ये अर्धा तास बोलण्याची सवय झालेल्या माणसाला हे जड जाते, पण पुनर्दृश्य संपले की वाक्यही संपले पाहिजे. सरावासाठी 1999 च्या विश्वचषकातील दक्षिण आफ्रिका-इंग्लंड उपांत्यपूर्व सामना घ्यावा. मॅलेट यांच्या संघाकडून यानी द बीअरने उत्तरार्धात पाच ड्रॉप गोल (चेंडू हातातून जमिनीवर टाकून उसळताच गोलखांबांमधून मारलेली लाथ) मारले आणि सामना 44-21 असा जिंकून दिला. ‘अप्रतिम लाथ!’ हे उद्गार प्रेक्षकही काढतो. विश्लेषकाने चेंडू मागे येण्याआधीच द बीअर कुठे उभा आहे ते दाखवावे. तो इतका मागे उभा राही की धावत येणारा बचावपटू पोहोचेपर्यंत लाथ बसून जाई, आणि बचावाची भिंत न फोडताही तीन गुण पदरात पडत. एवढे सांगितले की पुरे. पुढचे डावपेच लेखासाठी राखून ठेवावेत, कारण वृत्तपत्रातील स्तंभ ही या व्यवसायाची दुसरी बाजू आहे आणि तिथे ऐसपैस लिहिता येते.

परखडपणाची किंमत आधीच मोजून ठेवावी. 2000 मध्ये सामन्यांच्या तिकिटांच्या दरांवर जाहीर टीका केल्यानंतर मॅलेट यांना प्रशिक्षकपद सोडावे लागले. जो स्वभाव पदावर असताना नडला, तोच पुढे वाहिनीवर उपयोगी पडला. मात्र, ज्या संघावर बोलायचे त्याच संघाकडून सल्लागाराचे मानधन घेऊ नये. असे मानधन उघडकीस आले की प्रेक्षकांचा विश्वास कायमचा उडतो.

स्टुडिओतील सहकाऱ्यांशी वागणे हा भाग बहुतेक जण गृहीत धरतात. मे 2018 मध्ये सुपरस्पोर्टच्या थेट प्रक्षेपणात गौरेतर माजी खेळाडू अ‍ॅश्विन विलेम्से हे मॅलेट आणि नास बोथा या गोऱ्या सहविश्लेषकांवर नाराजी व्यक्त करून उठून गेले. वाहिनीने नेमलेल्या वकिलांच्या चौकशीत मॅलेट आणि बोथा यांच्याकडून वर्णद्वेषी वर्तन झाल्याचे आढळले नाही. तरीही वर्णभेदाचा इतिहास असलेल्या देशात, कोणाला किती वेळ बोलू दिले जाते याकडे कोणीच निव्वळ वेळापत्रक म्हणून पाहत नाही. म्हणून प्रक्षेपणापूर्वी कोणत्या मुद्द्यावर कोण बोलणार हे निर्मात्यासमक्ष ठरवून घ्यावे. मैदानावर प्रशिक्षकाचा शब्द अखेरचा असतो. स्टुडिओत तो तिघांपैकी एक असतो, आणि अखेरच्या शब्दाची सवय मोडायला वेळ लागतो.

मराठीत हे काम करू इच्छिणाऱ्यांसाठी थोडे वेगळे सांगायला हवे. जून 2025 मध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम सात-सात खेळाडूंच्या प्रकारात झाला, पण घरबसल्या पाहणाऱ्या बहुसंख्यांना अजून नियमच नवे आहेत. चेंडू हाताने पुढे का फेकता येत नाही, टॅकल झालेल्या खेळाडूला चेंडू का सोडावा लागतो, एवढ्यापासून सुरुवात करावी आणि प्रत्येक गोष्टीला क्रिकेटची उपमा देण्याचा मोह टाळावा. निर्मात्याला नमुना पाठवताना एकाच सामन्यातील तीन छोट्या फिती निवडाव्यात आणि त्यातील एक तरी आपल्याच पराभूत संघाची असावी.