झाडाले बी हार्ट असते का?

सहावीतल्या एका पोरीनं हा प्रश्न विचारला, तेव्हा मी फळ्यावर जलवाहिनीचं, म्हणजे झाडात पाणी वर नेणाऱ्या बारीक नळीचं, चित्र काढत होते. खडू खाली ठेवला. तेव्हापासून दारव्ह्याकडच्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत हा धडा मी दसऱ्याच्या आसपास वर्गाबाहेरच घेते. तुम्हालाही करता यावा म्हणून सगळं सांगते.

दसऱ्याला अंगणात तेरडा अजून असतो आणि ऊन असं तापतं की पानं भराभर पाणी सोडतात. किराणा दुकानात जिलेबीसाठी मिळतो तो लाल रंग आणा. पहिल्या वर्षी मी कुंकू कालवलं होतं. ते विरघळलं नाही, तळाशी बसलं आणि खोड तसंच राहिलं. ग्लासातलं पाणी इतकं गडद करा की पलीकडचं बोट दिसू नये.

कापताना जपा. घमेल्यात पाणी भरा आणि तेरड्याचं खोड पाण्याखाली धरूनच तिरपं कापा. झाडातलं पाणी मुळापासून पानापर्यंत अखंड धाग्यासारखं ताणलेलं असतं. बाहेर कापलं की हवा शिरते आणि त्या नळीतला धागा तुटतो.

सारख्या उंचीचे दोन तेरडे घ्या. एकाची सगळी पानंफुलं खुडा, दुसऱ्याची राहू द्या. दोन्ही एकाच ग्लासात ठेवून ग्लास उन्हात ठेवा. तेरड्याच्या खोडातून उजेड आरपार जातो, म्हणून लाल रेघा चढताना बाहेरूनच दिसतात. पानं असलेल्यात रंग पुढे जातो, बोडक्यात रेंगाळतो. लगेच कारण सांगू नका, पोरांना तासभर बघत बसू द्या. मग सांगा, की पानांच्या पर्णरंध्रांतून, म्हणजे बारीक छिद्रांतून, वाफ उडते आणि तिच्या मागचं पाणी वर ओढलं जातं. रात्री मुळांचा थोडा रेटा असतो, पण दिवसाचं काम पानांचं. म्हणजे दिवसा झाडात ढकलणारं कोणी नाही, ओढणारं आहे. शेवटी ब्लेडनं खोडाची पातळ चकती तुम्हीच कापून द्या. लाल ठिपक्यांचं कडं दिसेल, त्याच जलवाहिन्या.

यानंतर मी तुरीचं झाड दाखवते, आणि ते चुकवू नका. आमच्या वावरात दरवर्षी फुलावर आलेली काही झाडं उभीच्या उभी वाळतात. जमिनीत ओल असते, तरी पानं माना टाकतात. अशा झाडाच्या खोडावर बुडापासून वर जांभळट पट्टा दिसतो. खोड उभं चिरलं की आत काळपट रेघा असतात. हा मर रोग. मातीतली बुरशी मुळातून शिरून जलवाहिन्याच बुजवते. शेजारी निरोगी तूर चिरून ठेवा, आतून पांढरी. घरी ही वाळकी झाडं रोज बघणारी पोरं इथं एकदम गप्प होतात. नंतर रोगट झाड वावरात फेकू नका, जाळा.

आता त्या पोरीचा प्रश्न. मनगटावर अंगठ्याखाली दोन बोटं ठेवून मिनिटभर ठोके मोजा, मग मैदानाला दोन चकरा मारून पुन्हा मोजा. आपल्यात ढकलणारं आहे. मोठ्या माणसात सुमारे ५ लिटर रक्त असतं आणि निवांत बसल्यावरही हृदय मिनिटाला जवळपास तेवढंच रक्त ढकलतं. इंग्लंडच्या स्टीफन हेल्स यांनी दोन्ही मोजलं. झाडातल्या पाण्यावरचं त्यांचं पुस्तक १७२७ चं. १७३३ च्या पुस्तकात घोडीच्या रोहिणीला, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या नळीला, काचेची नळी जोडल्याची नोंद आहे. त्या नळीत रक्त ८ फुटांच्या वर चढलं होतं.

ढकललेलं रक्त हातातून वर परततं कसं, हे आमच्या आबाजींसारख्या शेतात राबलेल्या माणसाच्या हातावर बघा. वखर-डवरा धरलेल्या हाताच्या शिरा चांगल्या उठतात. दंडाला दुपट्टा हलकाच बांधा. शिरेवर बारीक गाठी दिसतील, त्या झडपा. मनगटाकडे एका बोटानं शीर दाबून धरा आणि दुसऱ्या बोटानं रक्त कोपराकडे गाठीच्या पुढे सारा. शीर रिकामी होते आणि वरून रक्त परत येत नाही. इंग्लंडचे डॉक्टर विल्यम हार्वे यांनी १६२८ साली हेच दाखवलं. मनगटाकडचं बोट उचला, शीर खालून झर्रकन भरते. आबाजी म्हणाले, "पुन्हा कर ना वो मॅडम." केलं. पण दुपट्टा मिनिटभरात सोडा.