गडग्यापलीकडचा पक्षकार: तालुक्याच्या कोर्टात नव्याने येणाऱ्या वकिलांसाठी

कोकणात देवगड असो, राजापूर असो की खेड, दिवाणी बोर्डावर (त्या दिवसाच्या दाव्यांच्या यादीवर) नजर टाकली की वादी-प्रतिवादींची आडनावं सारखीच दिसतात. सातबारावर आजोबांखाली पंधरा-वीस वारस, निम्मे मुंबईला, आणि भांडण गडग्याच्या (रचलेल्या दगडी कुंपणाच्या) कडेच्या पायवाटेचं नाहीतर आंब्याच्या चार कलमांचं. निकाल कोणाच्याही बाजूने लागो, दोघांना त्याच पाखाडीने (पायऱ्यांच्या वाटेने) घरी जायचं असतं. ते लक्षात ठेवून काम करायचं, ते पहिल्या नोटिशीपासून.

अशिलाला नोटीस ‘कडक’ हवी असते. ‘लबाडीने’, ‘कपटाने’ हे शब्द त्याला आवडतात. पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ६ नियम ४ प्रमाणे दाव्यात फसवणूक म्हटली की तारखेसह तपशील द्यावा लागतो, आणि तो बहुधा नसतो. शिवाय ती नोटीस पुढे पुराव्यात निशाणी (क्रमांक) पडून उलटतपासात तुमच्याच अशिलाच्या हातात येते. गट नंबर, फेरफार नंबर, मागणी आणि मुदत, एवढ्यावर नोटीस थांबवा.

तारखेचा प्रश्न रोजचा. कैफियतीला (प्रतिवादीच्या लेखी उत्तराला) ३० दिवस, कोर्टाने वाढवून दिल्यास ९० पर्यंत. समोरच्या वकिलाने मुदत मागितली की अर्जावर से (आपलं लेखी म्हणणं) द्यायला तो तुमच्याकडे येतो. आजारपण, कागद मुंबईला असणं, घरात कोणी वारणं, अशा कारणाला ‘हरकत नाही’ लिहायला काही जात नाही. मात्र ते अशिलाला आधी सांगा. न सांगता लिहिलंत तर संध्याकाळपर्यंत वाडीत बातमी असते की आपला वकील फुटला. इथली बरीच वकीलपत्रं हरल्यामुळे जात नाहीत, या एका गैरसमजामुळे जातात.

आणि भिडस्तपणा म्हणजे सभ्यता नव्हे. समोरचा रोज चिरे लावतोय आणि वर तारीख मागतोय, तर तुमचं ‘हरकत नाही’ अशिलाच्या वाटेवर भिंत बांधतं. अशा वेळी ‘पुढील तारखेपर्यंत स्थिती जैसे थे ठेवू’ अशी त्याच्या पक्षकाराच्या सहीची पर्सिस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) घ्या, मग तारीख द्या. पर्सिस देत नसेल तर लेखी हरकत घ्या आणि खर्च मागा. ऑर्डर १७ मध्ये सुनावणीच्या टप्प्यावर एका पक्षाला तीनच तहकुबी सांगितल्या आहेत. रोजनाम्यावरून (कोर्टाच्या तारीखवार नोंदीवरून) त्या मोजून ठेवा.

निशाणी ५ वर, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर, एकतर्फी मनाई घेताना मोह जास्त असतो. समोर कोणी नसतं, म्हणून जुना फेरफार किंवा आधीचा निकाली दावा सांगायचा राहून जातो, किंवा मुद्दाम ठेवला जातो. लपवलेलं सापडलं की मनाई उठते आणि त्या न्यायाधीशांसमोर तुमच्या पुढच्या अर्जांकडेही संशयाने पाहिलं जातं. एकतर्फी आदेश मिळाल्यावर अर्ज, प्रतिज्ञापत्र, दावा आणि कागद समोरच्याला ताबडतोब द्यायचे किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवायचे, आणि तसं प्रतिज्ञापत्र त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी दाखल करायचं. ऑर्डर ३९ नियम ३ मधली ही पायरी नवे वकील हटकून विसरतात.

बार कौन्सिलच्या आचारनियमांत प्रतिपक्षाबद्दल दोनच कर्तव्यं आहेत: वकील असलेल्या पक्षकाराशी वादाबद्दल परस्पर बोलू नये, आणि दिलेला रास्त शब्द, लेखी नसला तरी, पाळावा. पहिला नियम इथे एसटी स्टँडवरच मोडतो, कारण समोरचा पक्षकार तुमच्या गावचा असतो आणि चहाही तोच सांगतो. चहा घ्या. विषय निघाला की ‘तुमच्या वकिलांना विचारा’ म्हणा.

उलटतपासात सत्तर वर्षांच्या काकीला ‘तुम्ही खोटं बोलताय’ असं चढ्या आवाजात सुचवून काही मिळत नाही. ‘भात झोडायला खळ्यात कोण यायचं? पेंढा कोणाच्या गोठ्यात जायचा?’ असं विचारा. वहिवाट तिच्याच तोंडून येते.

तडजोडीला गणपतीचे दिवस सगळ्यात चांगले, कारण सगळे चाकरमानी, म्हणजे सगळ्या सह्या, गावात असतात. ऑर्डर २३ नियम ३ ला लेखी आणि सहीची तडजोड लागते. वारसांत अज्ञान (अठरा वर्षांखालचं) मूल असेल तर त्याच्यासाठी कोर्टाची वेगळी परवानगी घ्या, नाहीतर तडजोड पुढे रद्द होऊ शकते. बहिणींच्या सह्या ‘पाठवून देतो’ वर सोडू नका.

मसुद्यात ‘पूर्वापार वाट चालू राहील’ हे वाक्य लिहिलंत तर पाच वर्षांनी नवा दावा ठरलेला. त्याऐवजी वाट कुठून कुठे, रुंदी किती फूट, पायी की टेम्पो, बेड्याला (फाटकाला) कुलूप कोण लावणार, पावसात ढासळलेला गडगा कोण रचणार, हद्दीवरच्या कलमाचा यंदाचा आंबा कोण काढणार, हे लिहा. हातनकाशा जोडून त्यावरही सह्या घ्या. लोकअदालतीत ही तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि निवाड्यावर अपील नाही, हे दोन्ही बाजूंना सह्यांआधी सांगा.

वाटपाचा हुकूमनामा (डिक्री) झाला तरी शेतजमिनीचे हिस्से पाडायचं काम त्याच संहितेच्या कलम ५४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. मोजणीच्या दिवशी जुनी भांडणं पुन्हा पेटतात. तारखेची नोटीस समोरच्याला पोचली का ते त्याच्या वकिलाला आदल्या दिवशी फोन करून विचारा. नोटीस न पोचता मोजणी झाली तर हरकत येते, आणि फी भरून सगळ्यांना पुन्हा शेतात उभं राहावं लागतं.