पिस्टन आणि व्हॉल्व्हमधला गॅप कसा मोजायचा (नुसती क्ले लावून भागत नाही)

मोठ्या लिफ्टचा (म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडणारा) कॅम टाकलाय, हेड घासून प्लेन केलंय किंवा डोमवाले पिस्टन बसवलेत, यातलं एक जरी केलं असेल तरी हा गॅप मोजल्याशिवाय हेड कायमचं कसायचं नाही. 'कॅम थेट बसतो असं लिहिलंय, मग कशाला मोजायचं' असं सांगणारे भरपूर भेटतात, पण तुमचं हेड किती घासलंय हे कॅम बनवणाऱ्याला कुठून कळणार?

पिस्टन स्टॉप (पिस्टनला ठराविक जागी अडवणारा बोल्ट) लावून टीडीसी, म्हणजे पिस्टनची सगळ्यात वरची जागा, पक्का केलाय आणि डिग्री व्हीलवर (क्रँकला लावायची अंशांची चकती) कॅम बसवून झालाय असं धरतो. तो नसेल झाला तर पुढचं सगळं मोजमाप फुकट.

आता मूळ व्हॉल्व्ह स्प्रिंगा काढून त्या सिलेंडरला चेकिंगच्या मऊ स्प्रिंगा लावा. हायड्रॉलिक टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्हमधला तेलावर चालणारा भाग) असेल तर मोजण्यापुरता सॉलिड टॅपेट टाका. हेडखाली गॅस्केट हवंच, त्याच जाडीचं वापरलेलं चालेल, आणि हेड पूर्ण टॉर्कला. गॅस्केटशिवाय मोजून नंतर जाडी मिळवायची हा शॉर्टकट करू नका, व्हॉल्व्ह तिरका असतो त्यामुळे ती जाडी पूर्ण मिळत नाही.

मी जिथे बरेच दिवस अडकायचो ती स्टेज इथून पुढे. बहुतेक जण सांगतात की पिस्टनवर क्ले (मुलांच्या खेळण्यातली मऊ माती) थापा, इंजिन दोन फेरे फिरवा, दबलेली क्ले कापून जाडी मोजा, झालं. पण तसं केलं तर हायड्रॉलिक टॅपेट मूळ कडक स्प्रिंगखाली दबतो, व्हॉल्व्ह पूर्ण उघडतच नाही आणि क्लेमध्ये गॅप खऱ्यापेक्षा मोठा दिसतो, म्हणजे चूक नेमकी धोक्याच्या बाजूला. त्यात क्ले व्हॉल्व्हला चिकटून वर आली तर (तेल लावलं नाही की येतेच) मोजणार काय? क्ले एकाच गोष्टीला चांगली, व्हॉल्व्हची कड आणि पिस्टनमधल्या खाचेची कड यांच्यात बाजूने किती जागा आहे ते बघायला, ती कमीत कमी १.२५ मिमी हवी. खोली, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधला खरा गॅप, मात्र डायल गेजनेच मोजायची.

दुसरं म्हणजे लोक लिफ्टचा आकडा बघून घाबरतात. पूर्ण लिफ्ट येते तेव्हा पिस्टन कितीतरी खाली गेलेला असतो, खरी टक्कर ओव्हरलॅपमध्ये (दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी थोडे उघडे असतात तेव्हा) होते, एक्झॉस्टची टीडीसीच्या साधारण १० डिग्री आधी आणि इनलेटची साधारण १० डिग्री नंतर. पण हे १० गृहीत धरू नका, कॅमप्रमाणे बदलतं.

म्हणून ओव्हरलॅपच्या टीडीसीच्या २० डिग्री आधीपासून २० डिग्री नंतरपर्यंत दर २ डिग्रीला थांबायचं. डायल गेजची सुई रिटेनरवर (व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या वरची टोपी), व्हॉल्व्हच्या तिरकेपणाच्या रेषेतच, तिथे शून्य करा, मग व्हॉल्व्ह हाताने पिस्टनला टेकेपर्यंत दाबा आणि आकडा लिहा. दोन्ही व्हॉल्व्हचं असंच. सगळ्यात छोटा आकडा तोच तुमचा गॅप. क्रँक फक्त इंजिन फिरतं त्याच दिशेने फिरवायचा, पुढे गेलात तर पाव फेरा मागे जाऊन परत या, नाहीतर चेनचा ढिलेपणा मोजमापात येतो. आणि क्रँक कुठे अडला तर पाना लांब घेऊ नका, थांबा, व्हॉल्व्ह वाकवायला फारसा जोर लागत नाही.

व्हेरिएबल टायमिंग असेल तर अजून एक भानगड आहे. ऑइल प्रेशर नसताना फेजर (कॅम पुढे-मागे फिरवणारा भाग) पार्किंगच्या जागी लॉक असतो, त्यामुळे तिथे मोजलेला गॅप अर्धंच सांगतो. इनलेट कॅम पूर्ण अॅडव्हान्सला (लवकर) आणि एक्झॉस्ट पूर्ण रिटार्डला (उशिरा) नेऊन परत मोजा, इंजिन चालताना तिथपर्यंत जाणारच आहे.

स्टीलच्या कनेक्टिंग रॉडला इनलेटला २ मिमी आणि एक्झॉस्टला २.५ मिमी, म्हणजे साधारण ८० आणि १०० थाऊ (इंचाचा हजारावा भाग), यापेक्षा कमी मी ठेवत नाही. एक्झॉस्टला जास्त कारण तिथे पिस्टन बंद होणाऱ्या व्हॉल्व्हच्या मागे धावत असतो, हाय आरपीएमला स्प्रिंग जरा मागे पडली की भेट झालीच. अॅल्युमिनियम रॉड ताणतो, त्याला याहून जास्त द्या.

कमी भरला तर? डबल कॅमचं इंजिन असेल तर इनलेट थोडा रिटार्ड किंवा एक्झॉस्ट थोडा अॅडव्हान्स करून जागा मिळते, सिंगल कॅमला एकीकडे मिळवलं की दुसरीकडे जातं. जाड गॅस्केट टाका हा सल्ला मला अजिबात पटत नाही, कॉम्प्रेशन जातं, क्वेंच (पिस्टन आणि हेडमधली अरुंद फट) बिघडतो आणि वर नॉकिंग (इंधन अवेळी भडकून होणारी ठोकाठोक) मागे लागतं. खाच खोल करून घ्या, पण आधी तिथे खाली पिस्टनची जाडी किती उरते ते मोजा.

एका सिलेंडरवर थांबू नका, सगळे बघा. मग क्ले पूर्ण साफ करून मूळ स्प्रिंगा आणि टॅपेट परत लावा.